मेदोज ग्रंथी की मांसार्बुद?

ग्रंथी, अपची, अर्बुद व गलगंड यांचे निदान सुश्रुताचार्यांनी निदानस्थानाच्या अकराव्या अध्यायात एकत्र सांगितले आहे. मेदोज ग्रंथी शरीराच्या पुष्टीबरोबर वाढते व कृशतेबरोबर घटते. मांसार्बुद मात्र वेदनारहित, त्वचेच्याच वर्णाचे, न पिकणारे, पाषाणवत् कठीण व अचल असते, आणि ते असाध्य मानले आहे. पदवीच्या परीक्षेसाठी हा अध्याय आपण सर्वांनीच पाठ केला. प्रत्यक्ष रुग्ण समोर आला की त्याचे विस्मरण होते.

कळमनुरी तालुक्यातील एक तरुण शेतमजूर गुडघ्याच्या मागील गाठीसाठी माझ्याकडे आला. तीच गाठ पूर्वी अन्यत्र ‘चरबीची’ समजून काढली होती. काढलेला भाग तपासणीस न पाठविता टाकून दिला गेला. काही महिन्यांत व्रणाखालीच ती पुन्हा वाढली. मीही प्रथम पंधरा दिवस लेपच दिला, हे येथे कबूल केले पाहिजे. पुढील खेपेस मोजले तेव्हा गाठ सहा सेंटिमीटरची भरली. ती खोलवर होती व स्नायू ताणला असता मुळीच हलत नव्हती. तेव्हा रुग्णास नांदेडला पाठविले. तेथे आधी एम.आर.आय. व नंतर जाड सुईने ऊतीचा तुकडा घेण्यात आला.

हिमॅटॉक्सिलिन-इओसिनने रंगविलेल्या काचपट्टीवर चातीप्रमाणे दोन्ही टोकांना निमुळत्या पेशींच्या दाट जुड्या दिसल्या. अशा पेशी तंतुऊतीच्या, स्नायूंच्या किंवा मज्जातंतूंच्या सार्कोमातही आढळतात. केवळ सूक्ष्मदर्शकाने निर्णय होईना.

येथे इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री उपयोगी पडते. विशिष्ट प्रथिनालाच चिकटणारे प्रतिपिंड ऊतीच्या पातळ कापावर सोडतात. ते जेथे बसते तेथे विकराच्या साहाय्याने तपकिरी रंग उमटतो. अल्बर्ट कून्स यांनी १९४१ मध्ये चमकणारे रंगद्रव्य प्रतिपिंडाला जोडून या विद्येचा पाया घातला. त्याच वर्षी मुंबईत टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले व डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी तेथील प्रयोगशाळेची धुरा घेतली.

आमच्या रुग्णात स्नायूंचे डेस्मिन, मज्जातंतूंचे एस-१०० आणि सीडी-३४ हे तिन्ही नकारात्मक आले. सायटोकेरॅटिन व ई.एम.ए. तुरळक पेशींत, तर टी.एल.ई.-१ बहुतेक पेशींच्या केंद्रकात ठळक उमटले. एस.एस.-१८ जनुकाच्या तपासणीने निदान पक्के झाले: सायनोव्हियल सार्कोमा. नाव फसवे आहे. सांध्याच्या अस्तराशी या पेशींचा उगमसंबंध नाही.

पहिल्या शस्त्रक्रियेचा व्रण व भोवतालची निरोगी ऊतीही काढावी लागली, पुढे किरणोपचार झाले. पाय वाचला, पण पोटरीत बळ कमी राहिले. पहिला तुकडाच तपासला असता तर एवढे मांस गमवावे लागले नसते, असे मला वाटते.

पाच सेंटिमीटरहून मोठी, खोल, वाढती किंवा काढल्यावर परतलेली गाठ असल्यास लेप, क्षार वा शस्त्र यांपूर्वी रुग्णास पाठवावे. लहान गाठ काढलीच तर ती स्पिरिट वा सलाईनमध्ये न ठेवता, दहापट दहा टक्के फॉर्मॅलिनमध्ये बुडवावी आणि बाटलीवर रुग्णाचे नाव, जागा व बाजू लिहून त्याच दिवशी रवाना करावी.