पोथीचें पहिलें व शेवटचें पान

जुन्या पोथ्यांची यादी करितांना ग्रंथनाम, ग्रंथकर्ता, लेखनशक व पत्रसंख्या हीं आपण दक्षतेनें टिपतों. परंतु आरंभींचें नमन आणि अखेरची लेखकाची विनवणी 'नेहमींचाच पाठ' म्हणून बहुधा गाळितों. ईश्वरापुढें मनुष्य कसा उभा राहतो, हें जाणण्यास याच दोन जागा फार उपयोगी आहेत, असें आम्हांस वाटतें. त्याचा थोडक्यांत विचार करूं.

मंगल केल्यानें ग्रंथ निर्विघ्न तडीस जातो, ही समजूत जुनी आहे. अन्नंभट्टानें 'तर्कसंग्रहा'वरील आपल्या 'दीपिके'त तिजवर शंका काढिली आहे: मंगल असूनही कांहीं ग्रंथ अपुरे राहतात व मंगल नसतांही कांहीं पुरे होतात, तें कसें? उत्तर असें कीं, पहिल्या ठिकाणीं विघ्नेंच फार होतीं आणि दुसऱ्या ठिकाणीं मंगल ग्रंथाबाहेर झालें होतें. म्हणजे नमन मुळांत मनाचें. कागदावर तें उतरतें शिष्यांस वळण लागावें म्हणून.

शेवटच्या पानावर नकल करणारा बोलतो. पाठ, कंबर व मान मोडून, दृष्टि खिळवून हें लिहिलें. तेल, पाणी व सैल बांधणी यांपासून राखावें, असें तो सांगतो. पुढ्यांत होतें तसें उतरविलें, चूक असल्यास दोष देऊं नये, असेंही विनवितो. फारसी पोथीचा नकलनवीस 'बिस्मिल्ला'नें आरंभ करितो आणि अखेरीस आपल्या नांवामागें 'फकीर', 'हकीर' अशीं विशेषणें लावितो. यहुदी लोकांच्या तोराच्या गुंडाळीवर तर लेखकाचें नांवच नसतें. ईश्वराचें नाम लिहिण्यापूर्वीं, 'त्या नामाच्या पावित्र्यार्थ लिहीत आहें', असें त्यानें म्हणावयाचें असतें. आणि एकदां लिहिलेलें नाम खोडावयाचें नसतें. कोणी क्षमा मागून, कोणी स्वतःस तुच्छ म्हणवून, तर कोणी स्वतःस अजिबात पुसून नम्र होतो. रीति निराळ्या, भाव एकच.

हाच भाव जीर्ण पानांच्याही वांट्यास येतो, आणि येथें भाविक व संशोधक यांची गांठ पडते. पवित्र अक्षर केरांत टाकूं नये, हें सर्वांस मान्य. पुढें काय करावें, यांत भेद आहे. यहुदी लोक अशीं पानें 'गेनिझा' नामक जागीं ठेवितात व पुढें पुरतात. कैरोच्या बेन एझ्रा प्रार्थनामंदिरांत तीं न पुरतां शतकानुशतकें सांचत गेलीं. इ. स. १८९६-९७ मध्यें सॉलोमन शेक्टर यांनीं त्यांतील सुमारें १,९३,००० तुकडे केंब्रिजला नेले. भारताच्या पश्चिम किनाऱ्याशीं उदीम करणाऱ्या अकराव्या-बाराव्या शतकांतील व्यापाऱ्यांचीं पत्रें त्या गेनिझांतूनच उजेडांत आलीं. येमेनांत सना येथील मोठ्या मशिदीची दुरुस्ती चालू असतां इ. स. १९७२ मध्यें छतांत कुराणाचीं फार प्राचीन चर्मपत्रें सांपडलीं. तीं कोणी टाकून दिलीं नव्हतीं, म्हणूनच उरलीं. जैनांत कार्तिक शुद्ध पंचमीस, म्हणजे ज्ञानपंचमीस, ग्रंथांची पूजा होते; त्या निमित्तानें भांडारांतील पोथ्यांची झाडपूसही होत आली आहे.

आपल्याकडे मात्र जीर्ण पोथी वाहत्या पाण्यांत सोडण्याची चाल आहे. दुसऱ्यास बोल लावण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. आजोबांच्या पश्चात् वाळवी लागलेले पोथ्यांचे दोन रुमाल, घरच्यांच्या सांगण्यावरून, वयाच्या चौदाव्या वर्षीं आम्हीं स्वतः हात जोडून गोदावरींत सोडले. त्यांत काय होतें, हें वाचण्याइतकें संस्कृत आम्हांस यावयास पुढें बरींच वर्षें लागलीं. हात जोडले यांत चूक नव्हती. न वाचतां सोडले, ही चूक.

याकरितां संग्राहकांस आमची विनंती आहे. पोथी कितीही त्रुटित असो, तिचें पहिलें व शेवटचें पान असेल तर अक्षरशः उतरून घ्यावें. अशुद्ध वाटल्यास सुधारूं नये. घरांतील वृद्ध मंडळी पोथी गंगार्पण करूं म्हणतील तर त्यांच्या श्रद्धेचा उपहास न करितां, पोथी राखणें हीही सेवाच होय, हें त्यांस समजावून द्यावें. राखावें, ही प्रार्थना तर शेवटच्या पानावर पूर्वींच लिहून ठेविलेली आहे.