हेडफोनलाही जवारी असते

संगीत हा विषय घेतलेल्या विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी नादाची तीन लक्षणे शिकावी लागतात : लहानमोठेपणा, उंचनीचपणा आणि जाती. पहिली दोन चटकन समजतात, तिसरे समजायला थोडा वेळ लागतो. सतार, बासरी व हार्मोनियम यांवर एकच षड्ज सारख्याच जोराने वाजविला, तरी डोळे मिटून आपण वाद्य कोणते ते सांगतो. हे शक्य होते ते नादाच्या जातीमुळे. मूळ स्वराबरोबर जे उपस्वर उमटतात, त्यांच्या कमीअधिक प्रमाणावर ही जाती मुख्यतः अवलंबून असते.

हेडफोनच्या शौकिनांच्या बोलण्यात ‘साऊंड सिग्नेचर’ हा शब्द वारंवार येतो. आपण त्याला ‘नादाची सही’ म्हणू. हेडफोन हे काही वाद्य नव्हे. तरीही त्यातून जाणाऱ्या प्रत्येक नादावर तो आपली सही करतोच. काही कंपने तो उचलून धरतो, तर काही दाबून टाकतो. ही सही ओळखावी कशी आणि ती ओळखण्याची गरज कोणाला, हे सांगण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न आहे.

गरजेचे आधी सांगतो. भाईंदर पूर्वेला आमचे घर म्हणजे एक खोली व स्वयंपाकघर, आणि माणसे पाच. धाकट्या बहिणीचे दहावीचे वर्ष, आजोबांच्या दूरदर्शनवरील बातम्या आणि भिंतीपलीकडचे शेजारी, एवढ्यांतून माझा रियाझ चालतो. तंबोरा ठेवायला कोपरा नाही. तेव्हा तंबोऱ्याचे मुद्रण हेडफोनवर लावायचे आणि हलक्या आवाजात सूर लावायचा, एवढाच मार्ग उरतो. मीरा रोड-भाईंदरच्या इमारतींत राहून गाणे शिकणाऱ्या अनेकांची हीच स्थिती असावी. आता ज्या तंबोऱ्यावर मी सूर टेकवतो, तोच जर हेडफोनने बदललेला असेल, तर मी सूर लावतो तो कशाला? हा प्रश्न हौसेचा नाही, शिक्षणाचा आहे.

तुलना करावयाची संधी मात्र अनपेक्षितपणे मिळाली. मालिकांच्या ध्वनिसंकलनाचे काम करणारे एक काका आमच्याच सोसायटीत राहतात. त्यांच्याजवळ तीन नामांकित हेडफोन आहेत : जर्मनीच्या झेनहायझर कंपनीचा, १९९७ साली बाजारात आलेला एचडी ६००, जर्मनीच्याच बायरडायनॅमिकचा डीटी ९९० प्रो, आणि अमेरिकेतील ऑडेझीचा एलसीडी-२. तिन्ही उघड्या पाठीचे, म्हणजे बाहेरच्या बाजूस जाळी असलेले. आमच्या गायनाच्या बाईंचा मिरजेचा तंबोरा मी त्यांच्या परवानगीने मुद्रित केला आणि तेच मुद्रण तीन रविवार तिन्हींवर ऐकले. मूळ वाद्य रोजच्या ऐकण्यातले असल्यामुळे ताडून पाहणे सोपे गेले.

तंबोराच का घेतला, तेही सांगितले पाहिजे. पुरुषाचा सूर काळी एक धरला, तर जोडीच्या तारा सुमारे १३९ हर्ट्झला आणि खर्ज त्याच्या निम्म्यावर, सुमारे ६९ हर्ट्झला बोलतो. घोडीचा माथा किंचित गोलसर असतो व तारेखाली जवारीचा दोरा सरकवलेला असतो; त्यामुळे तार माथ्याला पुनःपुन्हा अलगद स्पर्श करते आणि उपस्वरांची मोठी रांगच उमटते. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली आपल्या तंतुवाद्यांवर लिहिताना दाखवून दिले, की तारेच्या नेहमीच्या नियमानुसार जे उपस्वर उमटायलाच नकोत, तेही तंबोऱ्यात जोरकस ऐकू येतात. खर्जाच्या तारेतून आपोआप ऐकू येणारा ‘स्वयंभू गांधार’ म्हणजे तिचा पाचवा उपस्वर, आपल्या उदाहरणात सुमारे ३४६ हर्ट्झचा. खाली खर्ज, मध्ये गांधार आणि वर जवारीचा झणत्कार, अशी हेडफोनची तिन्ही अंगे एकटा तंबोरा तपासतो.

आता जे ऐकले ते सांगतो. एचडी ६०० वर मधली पट्टी सर्वांत स्वाभाविक वाटली. गांधार जिथे असायला हवा तिथेच होता. खर्जाच्या अगदी तळाचा भरणा मात्र काहीसा कमी वाटला. डीटी ९९० प्रो ने झणत्कार पुढे आणला, कारण ह्या हेडफोनची वरची पट्टी, विशेषतः ८,००० हर्ट्झच्या आसपास, चढी आहे. जवारी एखादा दोरा जास्त सरकवल्यासारखी लागत होती आणि गांधार मागे गेला होता. १९३० च्या दशकातील अब्दुल करीम खाँसाहेबांची ध्वनिमुद्रिका ह्याच हेडफोनवर लावली, तेव्हा तबकडीची खरखर खाँसाहेबांच्या आवाजाइतकीच पुढे आली. एलसीडी-२ ची रचनाच निराळी. नेहमीच्या हेडफोनमध्ये वेटोळे शंकूसारख्या पडद्याला चिकटवलेले असते. ह्यात सपाट, पातळ पडद्यावर तारा पसरलेल्या असून तो चुंबकांच्या ओळींपुढे सगळाच हलतो. परिणामी खर्ज भरदार व अखेरपर्यंत टिकणारा मिळाला; वरची बाजू मात्र थोडी झाकल्यासारखी. शिवाय सुमारे अर्ध्या किलोचे ओझे तासभर डोक्यावर घेऊन बसणे ही वेगळीच साधना आहे!

ह्यांपैकी ‘खरा’ कोणता? प्रश्न दिसतो तितका सरळ नाही. आपली कर्णनलिका सुमारे अडीच सेंटिमीटर लांबीची एक लहानशी नळीच आहे आणि ती ३,००० हर्ट्झच्या आसपासचे स्वर स्वतःच वाढविते. बाह्यकर्णाचा आकारही आपली भर घालतो. हेडफोनमुळे ही घडण बदलते, म्हणून यंत्रावर सरळ रेषा दाखविणारा हेडफोन कानाला मात्र निर्जीव वाटतो. हारमन कंपनीतील शॉन ऑलिव्ह व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ नंतरच्या काळात अनेक श्रोत्यांवर प्रयोग करून बहुतेकांना रुचणारी एक वक्ररेषा काढली. आज अनेक कंपन्या तिचा आधार घेतात. तथापि ती बहुसंख्यांची आवड आहे, निसर्गनियम नव्हे. किमतीनेही प्रश्न सुटत नाही. झेनहायझरच्याच महागड्या एचडी ८०० मध्ये ६,००० हर्ट्झजवळ एक तीक्ष्ण टोक होते. २०१६ च्या सुधारित आवृत्तीत ते शोषून घेण्याची योजना कंपनीला स्वतःच करावी लागली.

तुलना करणाऱ्यांनी तीन पथ्ये पाळावीत. पहिले, आवाज सारखा ठेवावा. फ्लेचर व मन्सन यांनी १९३३ साली दाखविले, की आवाज लहान असता कानाला खालचे स्वर फारच कमी ऐकू येतात. म्हणून जो हेडफोन जरा मोठ्याने वाजतो, तो उगाचच चांगला वाटतो. एचडी ६०० चा विद्युत्‌रोध ३०० ओहम आहे. साध्या मोबाइलवर तो दबका वाजतो व त्याच्यावर अन्याय होतो. दुसरे, मूळ नाद ओळखीचा असावा. तिसरे, घाई नसावी. कान काही मिनिटांतच नव्या सहीला सरावतो आणि मग तीच त्याला स्वाभाविक वाटू लागते.

गाणाऱ्यासाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची ठरली. बंद पाठीच्या हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज हाडांतून घुमून येतो, बाहेरून जवळजवळ येतच नाही आणि सूर सरकतो. ध्वनिमुद्रणाच्या वेळी कित्येक गायक एक कान उघडा ठेवतात ते ह्यासाठीच. उघड्या पाठीच्या हेडफोनवर तंबोरा व स्वतःचा गळा दोन्ही ऐकू येतात. अर्थात विरारच्या लोकलमध्ये हेच हेडफोन निरुपयोगी, कारण गाडीचा सगळा खडखडाट आत येतो आणि तो बुडविण्यासाठी आपण आवाज वाढवीत जातो. तेथे बंद पाठीचाच बरा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मानकाप्रमाणे प्रौढाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्यात ४० तासांपर्यंतच ऐकावा. पुढे दर ३ डेसिबलला ही मुदत निम्म्यावर येते. बी.ए.ची पदवी पुढच्या वर्षीही घेता येईल, गेलेले कान परत येत नाहीत.

माझ्यापुरते उत्तर मिळाले आहे. रियाझाला मधली पट्टी सरळ असलेला, हलका व उघड्या पाठीचा हेडफोन हवा. खर्जाचा थोडा कमीपणा चालेल, गांधार हललेला चालणार नाही. तिघांतला एचडी ६०० ह्या कसोटीला उतरला. तो विकत घेणे मला आज शक्य नाही, परंतु साध्या हेडफोनची सही ओळखून वरची पट्टी मोबाइलमध्येच थोडी उतरविली, तरी बरेच काम भागते, हेही ह्या तीन रविवारांनी शिकविले.

शेवटी प्राध्यापकवर्गास एक विनंती. आपल्या ग्रंथालयात संदर्भग्रंथ असतात, कारण ते प्रत्येकाने विकत घ्यावेत अशी अपेक्षा नसते. त्याच न्यायाने संगीत विभागासाठी एक चांगला हेडफोन आणि बाईंच्या तंबोऱ्याचे एक स्वच्छ मुद्रण तेथे ठेवता आले, तर घरी तंबोरा नसलेल्या विद्यार्थ्याला निदान आठवड्यातून एकदा आपला सूर ताडून पाहता येईल.