आकडा एकच, न्यूजरूम दोन

माझ्या पीएचडीचा विषय सांगितला, की समोरचा हमखास म्हणतो, "त्यात काय संशोधन करायचं? क्लिक मिळतात म्हणून फालतू बातम्या येतात, संपलं!" मलाही आधी तसंच वाटायचं. पण गोष्ट इतकी सरळ नाहीये.

थोडं मागे जाऊ. समाजशास्त्रज्ञ हर्बर्ट गॅन्स यांनी १९७९ साली अमेरिकी न्यूजरूमवर पुस्तक लिहिलं. तिथल्या पत्रकारांना आपल्या प्रेक्षक-वाचकांविषयी फार कमी माहिती होती आणि ती मिळवायची फारशी इच्छाही नव्हती. ते लिहायचे वरिष्ठांसाठी आणि स्वतःसाठी. आज चार्टबीटसारखं सॉफ्टवेअर कुठली बातमी आत्ता किती जण वाचताहेत, ते पडद्यावर दाखवत राहतं.

मग परिणाम सगळीकडे सारखाच होतो का? अँजेल क्रिस्तँ यांनी न्यूयॉर्क आणि पॅरिसमधल्या दोन न्यूज वेबसाइटचा अभ्यास केला (पुस्तक २०२० चं). तुम्हाला काय वाटतं, आकड्यांनी जास्त कोण झपाटलं असेल? अमेरिकन? उत्तर उलटं आहे. न्यूयॉर्कमध्ये आकडे बघणं हे संपादकांचं काम मानलं जाई. लेखक बऱ्यापैकी निवांत असत. पॅरिसचे पत्रकार क्लिकच्या मागे लागण्यावर टीका करत, पण नजर मात्र आकड्यांवरच! कारण त्यांच्या लेखी क्लिक म्हणजे नुसता बाजार नव्हता. आपलं लेखन समाजापर्यंत पोचतंय का, याची ती खूण होती.

कॅटलिन पेट्री यांच्या २०१५ च्या अहवालातही असाच फरक दिसतो. गॉकरमध्ये आकड्यांचा मोठा बोर्ड भिंतीवर, सगळ्यांसमोर. न्यूयॉर्क टाइम्समध्ये मात्र ते आकडे मुख्यतः संपादकांपुरते.

म्हणजे आकडा आपणहून काही करत नाही. तो कोणाला दाखवायचा आणि त्यावरून काय ठरवायचं, हे माणसं ठरवतात.

हे महत्त्वाचं का? समजा, एका गावच्या नळयोजनेची बातमी तीनशेच लोकांनी वाचली. पडद्यावर ती सपशेल आपटली. पण ते तीनशेही जण त्याच गावचे असतील तर? 'किती' ते आकडा सांगतो, 'कोणाला गरज होती' ते सांगत नाही. तो प्रश्न न्यूजरूममध्ये कोणीतरी विचारावा लागतो. विचारणारं कोणी उरलं नाही, की पुढच्या वेळी ती बातमी लिहिलीच जात नाही. आणि न लिहिलेल्या बातमीचा आकडा कुठल्याच पडद्यावर दिसत नाही.