टायमिंग बेल्ट बदलायचाय? आधी गाडीत बेल्ट आहे का ते बघा

चाकणजवळच्या निघोजे, म्हाळुंगे, खराबवाडी या पट्ट्यात पहिली शिफ्ट सुटली की कंपन्यांच्या गेटमधून दुचाकींचा लोंढा बाहेर पडतो. त्यात नव्या गाड्या असतातच, पण दहा-पंधरा वर्षे चाललेल्या पल्सर, डिस्कव्हर, स्प्लेंडर आणि पॅशनही कमी नसतात. कर्ज कधीच फिटलेले, टाकीचा रंग उडालेला, तरी रोज किकला उठणाऱ्या. अशा गाडीच्या इंजिनातून खडखड यायला लागली की मालक गॅरेजवर येऊन सांगतो, ‘मिस्त्री, टायमिंग बेल्ट जुना झालाय बहुतेक, बदलून टाका.’ मिस्त्री मान डोलावतो, कारण गिऱ्हाइकाशी वाद घालण्यात त्याचा वेळ जातो. पण त्या गाडीत टायमिंग बेल्ट नसतोच.

हा नुसता शब्दांचा घोळ असता तर सोडून दिला असता. बेल्ट आणि चेन झिजतात वेगवेगळ्या कारणांनी, बदलायची वेळही वेगळी असते. एकाचा नियम दुसऱ्याला लावला की चांगली वस्तू फेकली जाते, नाहीतर खराब वस्तू आत राहते.

‘प्रत्येक इंजिनात टायमिंग बेल्ट असतोच’

या भागात हा समज पक्का होण्याला कारण आहे. आपल्याकडे चारचाकीचे काम करणारे हात जास्त. पिंपरीत १९९८ पासून बनलेल्या डिझेल इंडिकात टायमिंग बेल्ट होता. निघोजे-म्हाळुंगे-खराबवाडीच्या शिवारात २००९ साली सुरू झालेल्या फोक्सवॅगनच्या कारखान्यातून आज ज्या टायगुन आणि व्हर्टस बाहेर पडतात, त्यांच्या टीएसआय इंजिनातही दातेरी बेल्टच आहे. दिवसभर लाइनवर जे दिसते तेच आपल्या दुचाकीतही असणार, असे वाटणे साहजिक आहे. मात्र चारचाकीतही सरसकट बेल्ट नसतो. रांजणगावात बनलेल्या फियाटच्या १.३ मल्टिजेट डिझेलमध्ये चेन होती.

टायमिंगचे काम समजायला सोपे आहे. चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँक दोनदा फिरला की कॅम एकदा फिरला पाहिजे, म्हणजे व्हॉल्व्ह वेळेवर उघडतात आणि मिटतात. खालच्या क्रँकची चाल वरच्या कॅमपर्यंत न्यायला काहीतरी लागते. बहुतेक भारतीय दुचाकींत ते काम पोलादी चेन करते. मिस्त्री तिला टायमिंग चेन किंवा कॅम चेन म्हणतात. ती इंजिनाच्या आत, तेलात भिजून चालते. चाकणच्या बजाज कारखान्यातून २००१ साली निघालेल्या पहिल्या पल्सरमध्ये चेन होती. पुढे तिथेच बनू लागलेल्या केटीएम ड्यूकमध्येही चेनच आहे.

आरएक्स १०० किंवा जुनी येझदी असेल तर प्रश्नच मिटला. टू-स्ट्रोकला व्हॉल्व्हही नाहीत आणि कॅमही नाही, मग टायमिंग चेन कुठून येणार? जुन्या बुलेटमध्ये कॅम खालीच बसलेले असतात, ते गिअरवर फिरतात आणि लांब पुशरॉड वरचे रॉकर हलवतात. त्या गाडीवर कोणी टायमिंग चेनचे बिल लावले तर सरळ गाडी घेऊन निघून यावे.

आणखी दोन बेल्ट लोकांना गोंधळात टाकतात. अॅक्टिव्हासारख्या स्कूटरचा बेल्ट इंजिनाची ताकद मागच्या चाकाकडे नेतो, व्हॉल्व्हशी त्याचा संबंध नाही. तो तुटला तर इंजिन चालू राहते, स्कूटर मात्र जागची हलत नाही. हार्ले-डेव्हिडसनच्या मागच्या चाकाला जाणारा रुंद काळा पट्टाही चाक फिरवणाराच.

‘मग बेल्टवाली मोटरसायकल नसतेच’

असते, पण ती निघोजेच्या पार्किंगमध्ये सहसा दिसणार नाही. १९७५च्या होंडा गोल्डविंगला टायमिंग बेल्ट होते. २००१च्या १८०० सीसी मॉडेलपासून होंडाने तिथे चेन आणली. बेल्टचे खरे घराणे मात्र डुकाटीचे. १९७०च्या दशकाच्या शेवटी आलेल्या पँटा मॉडेलपासून तिने तिरप्या दात्यांचे गिअर आणि शाफ्ट सोडून रबरी बेल्ट घेतला आणि पुढची कित्येक वर्षे तोच ठेवला. योगायोग असा की २०१२ पासून डुकाटी फोक्सवॅगन समूहाच्या ऑडीकडे आहे, म्हणजे ज्यांचा कारखाना आपल्या गावाच्या शिवारात आहे त्यांचीच. ती इथे बनत नाही एवढेच. पुण्यात जुन्या आयात गाड्या बाळगणारे शौकीन आहेत, पुढचा भाग त्यांच्यासाठी.

जुनी डुकाटी घेताना विक्रेता हमखास म्हणतो, ‘गाडी फक्त आठ हजार चाललीय, बेल्ट नवाच आहे.’ हे मानू नये. रबर नुसते किलोमीटरवर म्हातारे होत नाही, ते वयावरही होते. इंजिनाची उष्णता, उन्हात उभे राहणे आणि गळणाऱ्या सीलमधून उडणारे तेल या सगळ्याने ते कडक होते, आतले धागे सुटू लागतात. जुन्या मॉडेलना दर दोन वर्षांनी बेल्ट बदलायचा नियम होता, नंतरच्या बऱ्याच मॉडेलना पाच वर्षांचा आहे. गाडी गॅरेजात झाकून ठेवली तरी ही वर्षे मोजलीच जातात. बोटाने दाबून किंवा वाकवून भेगा शोधणेही भरवशाचे नाही. वरून गुळगुळीत दिसणारा बेल्ट दात्याच्या मुळाशी सुटलेला असू शकतो. चेन झिजली तर खडखडून सांगते, बेल्ट सहसा काहीच सांगत नाही. नवा बेल्ट घडी घालून किंवा पिळून हाताळू नये, त्याचा ताणही अंदाजाने ठरवू नये. बसवलेला बेल्ट तारेसारखा छेडून त्याचा सूर किती हर्ट्झ भरतो ते मोजायची पद्धत आहे.

‘चेन म्हणजे आयुष्यभराची’

पोलाद आहे, कशाला तुटतेय, असे मालक म्हणतो. तुटणे क्वचितच होते, हे खरे. पण चेन लांब होते. तिचे लोखंड ताणले जात नाही. प्रत्येक कडीतली पिन आणि बुश यांच्यात केसाएवढी झीज होते. अशा पन्नासाच्या वर कड्यांची झीज एकत्र झाली की चेन ढिली पडते. मग कॅम किंचित मागे राहतो, व्हॉल्व्ह उशिरा हलतात, गाडीची ओढ कमी होते. सहा हजार आरपीएमला कॅम सेकंदाला पन्नास वेळा फिरतो. एवढ्या वेगात थोडा उशीरही इंजिनाला जाणवतो.

ढिली पडलेली चेन ताणून धरायला टेन्शनर असतो, पल्सरसारख्या गाड्यांत सिलिंडर ब्लॉकच्या मागच्या बाजूला. आतल्या दांड्याला खाचा असतात, तो बाहेर सरकतो आणि परत आत येत नाही. चेन जसजशी लांब होते तसतसा तो आणखी पुढे सरकून तिला दाबतो. शेवटची खाच संपली की त्याच्या हातात काही उरत नाही, मग खरी खडखड सुरू होते. टेन्शनर काढून दांडा किती बाहेर आलाय ते पाहिले की चेनचे किती आयुष्य उरले याचा बराच अंदाज येतो. चांगला मिस्त्री हेड उघडण्याआधी हे करतो. तो न पाहता ‘इंजिन खोलावे लागेल’ म्हणणाऱ्याला दोन प्रश्न विचारायला हरकत नाही.

‘खडखड म्हणजे चेनच’

या एका समजापायी किती चांगल्या चेन भंगारात गेल्या असतील! टॅपेटचा गॅप वाढला तरी टिकटिक येते, क्लच हाउसिंग ढिले झाले तरी आवाज येतो, कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग गेले तर दणदण येते. गंमत म्हणजे बाहेरची मागच्या चाकाची चेन सैल होऊन चेनकव्हरला घासली तरी मालक इंजिनालाच दोष देतो.

ओळखायचे कसे? टॅपेटची टिकटिक वरून, हेडमधून येते आणि एका ठेक्यात असते. चेनचा आवाज इंजिनाच्या ज्या बाजूला ती आहे तिथून, बहुतेक गाड्यांत मॅग्नेटच्या बाजूने येतो. तो घासल्यासारखा, फरफरल्यासारखा असतो आणि अॅक्सिलरेटर सोडल्यावर आरपीएम खाली येताना जास्त उमटतो. जुने मिस्त्री लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक इंजिनावर आणि मूठ कानाशी धरून जागा शोधतात, ती पद्धत आजही चालते. आधी टॅपेट फिलर गेजने सेट करावेत, मग टेन्शनर बघावा. चेनचा नंबर त्यानंतर.

‘किलोमीटर कमी, म्हणजे चेन नवी’

आता खास आपल्या भागाची गोष्ट. चाकणच्या तळेगाव चौकात किंवा नाशिक महामार्गावर संध्याकाळी अर्धा तास अडकलात आणि इंजिन चालूच ठेवलेत, तर चौदाशे आरपीएमच्या आयडलिंगला क्रँक बेचाळीस हजार फेरे मारतो, कॅम एकवीस हजार. मीटरवर मात्र अर्धा किलोमीटरही पडत नाही. त्यामुळे चाकणमध्ये चाललेल्या तीस हजार किलोमीटरच्या गाडीची चेन आणि खेड्यातल्या मोकळ्या रस्त्यावर तेवढीच चाललेली चेन सारखी नसते.

पण चेनचे आयुष्य सगळ्यांत जास्त ठरवते ते तेल. स्प्लेंडरच्या इंजिनात लिटरभरही तेल नसते. त्यातले दोनशे मिली जळाले किंवा गळाले तर जवळपास पाव हिस्सा गेला. उरलेले तेल लवकर तापते, काजळी आणि धातूचा बारीक कीस घेऊन फिरते, आणि हाच कीस पिन-बुशमध्ये शिरून घासत राहतो. इथल्या रस्त्यांवरचा धुरळा फाटक्या किंवा गच्च भरलेल्या एअर फिल्टरमधून आत गेला तर त्याची भर. तेल बदलल्याची तारीख सर्व्हिस बुकमध्ये नसेल तर थोडे तेल काढून चिमटीत चोळून बघा. कचकच लागली तर आत काहीतरी झिजतेय.

यातच एक घातक सवय आहे. कारसाठीचे उरलेले तेल मोटरसायकलमध्ये ओतायचे. मोटरसायकलचा क्लच त्याच तेलात बुडालेला असतो. कारच्या अनेक तेलांत घर्षण कमी करणारी द्रव्ये असतात, त्यांनी क्लच सरकायला लागतो. डब्यावर ‘जासो एमए’ असे मानक बघूनच घ्यावे. आणि आवाज दाबायला गाडीच्या पुस्तकात सांगितल्यापेक्षा जाड तेल टाकणे म्हणजे दुखणे न बघता झाकणे. थोडे दिवस शांत वाटते, चेन तेवढीच ढिली राहते.

‘नुसती चेन टाका, बाकी ठीक आहे’

पैसे वाचवण्याचा हा मार्ग महागात पडतो. जुन्या चेनसोबत स्प्रॉकेटचे दातेही झिजलेले असतात, नवी चेन त्यांवर बसून लवकर खराब होते. रबरी-प्लास्टिक गाइडवर चर पडलेले असतात. त्यामुळे चेन, स्प्रॉकेट, गाइड, टेन्शनर आणि गॅस्केट एकत्र घ्यावेत. मागच्या चाकाच्या चेनसारखी क्लिपची लॉक कडी टायमिंग चेनला लावून चालत नाही. ती आत सुटली तर जे व्हायचे ते होते.

बसवताना पाहण्यासारखी एकच गोष्ट आहे आणि ती दोन मिनिटांची. मॅग्नेटवरची ‘टी’ खूण कव्हरच्या खाचेसमोर आणून पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला ठेवतात, त्याच वेळी कॅम स्प्रॉकेटची खूण हेडच्या कडेशी जुळली पाहिजे. चेन बसली, टेन्शनर सोडला, की पान्याने क्रँक हाताने दोन फेरे सावकाश फिरवावा आणि खुणा पुन्हा तपासाव्यात. कुठे अडकल्यासारखे लागले तर जोर लावू नये, व्हॉल्व्ह पिस्टनला लागत असेल. एक दाता इकडेतिकडे झाला तरी गाडी सुरू होऊ शकते, पण उठायला त्रास देते आणि सायलेन्सरमधून फटाके काढते. चालत्या गाडीत चेन उडी मारून असे झाले, तर ‘एक किक मारून बघू’ म्हणू नका. ती एक किकच व्हॉल्व्ह वाकवायला पुरते.

पंधरा वर्षांनी एमएच-१४ ची गाडी पुन्हा पासिंगला न्यायची म्हणून टाकी रंगवणे, सीट कव्हर बदलणे, नवे आरसे लावणे होते. त्याच खर्चात टेन्शनर काढून बघणे आणि तेल बदलणे बसते. आणि चेन बदललीच तर जुनी परत मागा. दोन्ही चेन एका खिळ्याला शेजारी टांगा. कड्या तितक्याच असतात, आणि जुनी जर खाली लोंबली तर बदलणे योग्य होते. लोंबली नाही, तर आवाज दुसरीकडून येत होता. मिस्त्रीला बाकीचे पैसे द्यायच्या आधी हे बघून घ्या.