जीर्णोद्धार एका मोटारीचा

गेल्या दिवाळीस आमचे चिरंजीव घरीं आले असतां अंगणांतील मोटारीकडे पाहून म्हणाले, “बाबा, हिचें आतां कांहीं तरी ठरवाच. पावसांत गंजविण्यापेक्षां मोडींत द्या, नाहीं तर एखाद्या शौकिनास विका. किंमत चांगली येईल.” चिरंजीव स्वतः यंत्रविद्येचे पदवीधर आहेत, तेव्हां त्यांचें म्हणणें अडाणीपणाचें ठरवून मोकळें होतां येईना. त्या प्रश्नाचें उत्तर देण्यास मला सहा महिने लागले. तें कसें सांपडलें हें वाचकांपुढें ठेवावें असें मनांत आलें. कारण ज्यांच्या दारीं मोटार नाहीं त्यांच्याही घरीं जुनें घड्याळ, शिवणयंत्र, निदान आजोबांची बाजाची पेटी असतेच, आणि तिजविषयींही हा प्रश्न कधीं ना कधीं उभा राहतोच.

गाडीचें कूळ

आमची गाडी फियाट ११००-डी, १९७१ सालची. माझे वडील, ज्यांस आम्ही तात्या म्हणत असूं, वाई येथें डॉक्टर होते. त्या काळीं पैसे हातांत असूनही गाडी दारांत येत नसे. नांव नोंदवून वर्षानुवर्षें वाट पाहावी लागे. ती आली तेव्हां मी बारा वर्षांचा होतों. आईनें चाकांखालीं लिंबें ठेवलीं, कुंकवाचें स्वस्तिक काढलें. तात्यांनीं मात्र आधीं बॉनेट उघडून तेल पाहिलें.

या गाडीचें कूळ सांगण्याजोगें आहे. सोलापूरचे सुपुत्र शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी स्थापन केली. कुर्ल्याच्या कारखान्यांत प्रारंभीं अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या गाड्यांची जुळणी होई. पुढें इटलीच्या फियाट कंपनीशीं करार झाला. १९५४ पासून निघालेल्या ‘११००’ च्या पहिल्या नमुन्याचा गुबगुबीत आकार पाहून मुंबईकरांनीं तिला ‘डुक्कर फियाट’ असें नांव ठेविलें. त्यांत तुच्छता कमी आणि लोभच अधिक होता. पुढें सिलेक्ट, सुपर सिलेक्ट असे नमुने होत होत १९६४ च्या सुमारास आमच्या ‘डी’ चा अवतार झाला. खुद्द इटलींत तो नमुना १९६६ सालीं बंद पडला. कुर्ल्यास मात्र तो पुढें ‘प्रेसिडेंट’ आणि १९७४ पासून ‘पद्मिनी’ या नांवानें विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत निघत राहिला. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचें जें रूप दोन पिढ्यांच्या डोळ्यांत बसलें आहे तें हेंच. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजीं नोंदली गेली होती; टॅक्सीस वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळें ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवरून तें रूप नाहींसें झालें.

हातानें कळणारें यंत्र

हिचें इंजिन चार सिलिंडरांचें. प्रत्येकाचा व्यास ६८ मिलिमीटर आणि पिस्टनची धांव ७५ मिलिमीटर. हिशेब केल्यास एकूण घनफळ १०८९ घन सेंटिमीटर भरतें. शाळेंत गणिताचा तास अंगावर आला कीं घनफळाचें उदाहरण म्हणून मी मुलांना हेंच घालीत असे. बाहेर उभी असलेली गाडी दाखवितां येई, म्हणून उदाहरण मुलांच्या ध्यानांत राही. या यंत्रांत आजच्या गाड्यांसारखा संगणक नाहीं. जें बिघडतें तें डोळ्यांना दिसतें, कानांना ऐकूं येतें, आणि बोटांना लागतें.

१९७३ च्या वैशाखांत पसरणीचा घाट चढतांना गाडी एकाएकीं बंद पडली. मला वाटलें, पेट्रोल संपलें. तात्या शांतपणें खालीं उतरले, कंपाउंडरच्या खांद्यावरचा पंचा घेतला, तो पाण्यांत भिजवून पेट्रोलच्या पंपावर गुंडाळला आणि सांवलींत जाऊन बसले. दहा मिनिटांनीं गाडी सुरू झाली. चढावर इंजिन तापलें कीं त्याला लागून असलेल्या पंपांतच पेट्रोल उकळून त्याची वाफ होते. पंपास द्रव ढकलतां येतो, वाफ ढकलतां येत नाहीं. पदार्थविज्ञानाचा हा पाठ मला पुस्तकांत भेटण्यापूर्वीं घाटांत भेटला.

गाडीचें काम साताऱ्याचे एक मिस्त्री पाहत. इंजिनांत आवाज येऊं लागला कीं ते लांब पेचकसाचें टोंक इंजिनावर टेकवीत आणि मूठ कानाशीं धरून डोळे मिटीत. “तिसऱ्या सिलिंडरचा टॅपेट ढिला आहे,” असें ते म्हणत, आणि तें खरें निघे. तात्या हंसून म्हणत, “मिस्त्री, तुमचा आणि माझा धंदा एकच, फक्त माझे रोगी फी बुडवितात.”

माझ्या हातून झालेली चूक

१९९१ सालीं तात्या गेले आणि गाडी माझ्याकडे साताऱ्यास आली. या गाडीचा गिअरचा दांडा खालीं नसून स्टिअरिंगला लागून आहे. तेथून निघालेल्या सळया खालीं गिअरपेटीपर्यंत जातात, आणि त्यांच्या सांध्यांतील बुश झिजले कीं गिअर अडकतो. १९९६ सालीं पुण्यांतील एका भर चौकांत तसेंच झालें. मागें भोंगे वाजूं लागले, लोक नको तें बोलूं लागले. त्याच अवस्थेंत मीं गाडी जवळच्या एका गॅरेजांत ढकलीत नेली. त्यांनीं सांगितलें, “ही जुनी रचना काढून टाका, खालीं नवा दांडा बसवून देतों, कटकट कायमची मिटेल.” मीं मान डोलाविली. चार दिवसांनीं गाडी मिळाली. काढलेल्या सळया विचारल्या तर त्या केव्हांच भंगारांत गेल्या होत्या.

घरीं आल्यावर मिस्त्रींनीं आंत वाकून पाहिलें आणि म्हणाले, “गुरुजी, हिचा हात तोडून तुम्ही तिला पाय बसवलात. हें चार बुशांचें काम होतें.” मीं कांहीं बोललों नाहीं. परंतु खरें नुकसान मला नंतर उमगलें. गिअर वर असल्यामुळें पुढची बैठक सलग होती, आणि तात्या नि कंपाउंडर यांच्यामधली जागा माझी होती. रात्रीं-अपरात्रीं खेड्यांतील रोग्याकडे जातांना तात्या मला कित्येकदां बरोबर घेत. त्या जागीं बसून मीं त्यांना जितकें ओळखलें तितकें घरांत कधीं ओळखलें नाहीं. घरांत ते क्वचितच बोलत. आतां तेथें लोखंडी दांडा उभा होता. तीस वर्षें तो माझ्या डोळ्यांत सलत राहिला.

रथ म्हणजे काय?

चिरंजीवांच्या बोलण्यानंतर मीं मिस्त्रींस गांठलें. ते आतां पंचाहत्तरीच्या पलीकडे आहेत. दृष्टि मंदावली, पण बोटें शाबूत आहेत. ते म्हणाले, “सळया आणा, बसवून देतों.” सळया शोधण्यासाठीं मीं कुर्ल्याच्या भंगार बाजाराच्या तीन खेपा केल्या. जेथें गाडी जन्मली त्याच गांवीं तिचीं हाडें विकलीं जावींत, हा योगायोग मनाला चटका लावणारा खरा. तिसऱ्या खेपेस एका मोडलेल्या टॅक्सीच्या सांगाड्यांत संपूर्ण संच मिळाला.

परततांना मनांत शंका आली: टॅक्सीचा अवयव बसविल्यावर ही तात्यांचीच गाडी राहील काय? ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथांत नागसेन मिलिंद राजास विचारतो कीं, आंस म्हणजे रथ काय, चाक म्हणजे रथ काय; राजा प्रत्येक वेळीं ‘नाहीं’ म्हणतो, आणि शेवटीं मान्य करतो कीं अवयवांच्या जुळणीसच रथ हें नांव आहे. आपल्याकडे देवालयाचा जीर्णोद्धार होतो तेव्हांही ढासळलेला चिरा बदलतात. गाभारा बदलला असें कोणी म्हणत नाहीं. यावरून मीं स्वतःपुरता एक नियम केला: जें झिजण्यासाठींच असतें तें निःशंकपणें बदलावें, ज्यावरून ओळख पटते तें सांभाळावें. ब्रेकच्या नळ्या, टायर, विजेच्या तारा यांत भावनेस स्थान नाहीं. तेथें जुनेपणाचा हट्ट म्हणजे जिवाशीं खेळ. परंतु डाव्या मडगार्डवरचा पोंचा ठोकून काढण्यास मीं मिस्त्रींस मना केलें. १९७४ च्या पावसाळ्यांत, मेणवलीच्या वाटेवर, एका बाळंतिणीकडे धांवत असतां बैलगाडीला घांसून तो पडला आहे.

नियम आणि विवेक

२०२१ सालीं केंद्र सरकारनें पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपांत राखलेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांसाठीं निराळे नियम केले. त्यांस ‘व्हीए’ अक्षरांचा खास क्रमांक मिळतो. प्रथम नोंदणीस २०,००० रुपये, पुनर्नोंदणीस ५,००० रुपये, आणि मुदत दहा वर्षें. मात्र असें वाहन नित्याच्या कामासाठीं रस्त्यावर आणतां येत नाहीं. प्रदर्शन, मेळावे, दुरुस्ती, पेट्रोल भरणें अशाच कारणांस मोकळीक आहे. दुसरा मार्ग म्हणजे साधी नोंदणी, तपासणी करून दर पांच वर्षांनीं वाढवून घेणें.

ऐतिहासिक, दुर्मिळ गाड्यांस पहिला मार्ग योग्यच आहे. मीं दुसरा पत्करला, आणि त्याचें कारण यंत्रानेंच शिकविलें. २०२५ पर्यंत पेट्रोलांत वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचा प्रघात देशभर पडला. त्यांतील कांहीं उसापासूनही होतें, म्हणून सातारकरानें तक्रार तरी कशी करावी? पण इथेनॉल हवेंतील पाणी शोषून घेतें, जुन्या रबराच्या नळ्या खराब करतें, आणि टाकींतील गाळ सोडवून कार्ब्युरेटरच्या सूक्ष्म छिद्रांत नेऊन बसवितें. नळ्या बदलल्या, गाळणी बसविली. तरी पेट्रोल महिनेच्या महिने सांचूं न देणें हाच मुख्य उपाय. उभ्या गाडीची बॅटरी उतरते, ब्रेक जाम होतात, टायरना एकाच जागीं चपटेपणा येतो. तात्पर्य, चालती गाडी झिजते, पण न चालणारी मरते. विद्येचेंही असेंच नाहीं काय? पाठांतर सोडलें कीं तीही अशीच गंजते.

म्हणून दर रविवारीं सकाळीं मी गाडी काढतों, वाईपर्यंत जातों आणि परत येतों. शनिवारीं मिस्त्री येऊन बसतात, आणि ते सांगतील तें मी वहींत उतरवून घेतों: पॉइंटमधील फट किती, कोणत्या आवाजाचा अर्थ काय, कोणता नट किती आवळावा. हें ज्ञान कोणत्याही छापील पुस्तकांत या रूपानें नाहीं. तें एका म्हाताऱ्या माणसाच्या बोटांत आहे, आणि बोटें कायमचीं नसतात. अक्षर काढणें हा माझा जन्माचा धंदा. त्याचा असा उपयोग होईल असें वाटलें नव्हतें.

मे महिन्यांत चिरंजीव पुन्हा आले. त्यांची सहा वर्षांची कन्या अंगणांतील गाडींत शिरली आणि पुढच्या बैठकीवर नेमकी मध्यें जाऊन बसली. तिला कोणीं कांहीं सांगितलें नव्हतें. चिरंजीवांनीं रात्रीं बसून माझी वही वाचून काढली. सकाळीं निघतांना गाडीच्या किंमतीचा विषय त्यांनीं काढला नाहीं; वहीची एक प्रत मात्र मागून घेतली.