पारशी संघाचा उदय आणि अस्त

१९४० च्या डिसेंबर महिन्याच्या आरंभीं मुंबईच्या हिंदु जिमखान्याचे कांहीं प्रतिनिधि वर्ध्यास आले आणि महात्माजींना भेटले. वैयक्तिक सत्याग्रह सुरू झालेला होता, पुढारी एकामागून एक तुरुंगांत जात होते, युरोपांत महायुद्ध पेटलें होतें. आणि हे गृहस्थ इतक्या दूर आले होते ते क्रिकेटविषयीं विचारावयास. मुंबईस होऊं घातलेल्या पंचरंगी सामन्यांत हिंदु संघानें उतरावें कीं उतरूं नये, एवढाच त्यांचा प्रश्न होता. आज तो ऐकून कोणास हंसूं येईल. पण त्या काळीं पंचरंगी सामने म्हणजे मुंबईचा मोठा उत्सवच होता, आणि त्यावर पाणी सोडणें ही जिमखान्याच्या दृष्टीनें लहान गोष्ट नव्हती.

महात्माजींनीं दिलेलें उत्तर प्रसिद्ध आहे. पुढारी तुरुंगांत असतां असे सोहळे करणें त्यांना शोभेसें वाटलें नाहींच. पण ते त्याहून पुढें गेले. कॉलेजांचे किंवा संस्थांचे आपसांतील सामने आपण समजूं शकतों, परंतु हिंदु, पारशी, मुसलमान असे धर्मावर बेतलेले संघ कां असावेत हें आपणांस कधींच उमगलें नाहीं, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. त्या वर्षीं हिंदु संघ उतरला नाहीं. पुढच्या वर्षीं तो परत आला, आणि १९४५-४६ च्या हंगामानंतर हे सामनेच कायमचे बंद झाले.

या सामन्यांवरील वाद बहुतेक हिंदु आणि मुसलमान यांच्याभोवतींच फिरत असे. पण ज्यांच्यामुळें हा सारा डोलारा उभा राहिला तो संघ पारशांचा होता, आणि १९४० पर्यंत त्याचें नांव चर्चेंतून जवळजवळ निघून गेलें होतें. एकेकाळीं हिंदी क्रिकेट म्हणजे पारशी क्रिकेट असें समीकरण होतें. तो संघ मागें कां पडला, हा आजचा आपला विषय आहे.

एकादा बलाढ्य संघ खालीं आला कीं लोक त्याचें कारण त्या संघाच्या अंगांत शोधूं लागतात. वेस्ट इंडीजचें उदाहरण सर्वांच्या डोळ्यांपुढें आहे. १९८० पासून १९९५ पर्यंत त्यांना कसोटी मालिकेंत कोणी हरवूं शकलें नाहीं. आणि २०२३ च्या विश्वचषक स्पर्धेस ते पात्रसुद्धां ठरले नाहींत. तरुणांना खेळाची गोडी उरली नाहीं, पैशाचा लोभ सुटला, शिस्त गेली, अशीं कारणें लगेच पुढें येतात. पारशांविषयींही असेंच बोललें गेलें: सुबत्ता आली, सुखासीनता आली, खेळ गेला. मला हें स्पष्टीकरण पटत नाहीं. कां, तें सांगण्यासाठीं थोडें मागें जावें लागेल.

पारशी तरुणांनीं मुंबईस ओरिएंटल क्रिकेट क्लब काढला तो १८४८ सालीं. त्यापूर्वीं इंग्रज शिपाई आणि अंमलदार किल्ल्यासमोरच्या मैदानावर खेळत, आणि पारशी मुलें तें पाहून छत्रीची मूठ किंवा फळकूट घेऊन त्यांचें अनुकरण करीत. हा समाज व्यापारांत साहेबांच्या जवळ होता, इंग्रजी शिक्षण त्यानें आधीं घेतलें होतें, आणि त्याच्याजवळ फुरसत होती. ती फुरसत कोठून आली, याचा एक धागा आमच्या जिल्ह्यापर्यंत येतो. १८६० नंतर अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें कापसाचे भाव चढले तेव्हां मुंबईच्या व्यापाऱ्यांनीं अमाप पैसा केला, आणि हिंगणघाटचा कापूस त्या बाजारांत स्वतःच्या नांवानें ओळखला जात होता. क्रिकेटची बॅट आणि वऱ्हाड-नागपूरची काळी जमीन यांचें नातें दिसतें तितकें लांबचें नाहीं.

पारशांना खेळावयास जागा मात्र सुखासुखी मिळाली नाहीं. ज्या मैदानावर ते खेळत त्याच मैदानावर साहेब लोक पोलो खेळूं लागले. घोड्यांच्या टापांनीं खेळपट्टी उखडून जाई आणि दुसऱ्या दिवशीं चेंडू कोठेंही उसळे. साहेबांच्या जिमखान्याचें स्वतःचें कुंपण घातलेलें मैदान होतें, त्यावर घोडा येत नसे. घोडे यावयाचे ते सर्वांच्या मैदानावर. १८८१ सालीं शापूरजी सोराबजी यांच्या पुढाकारानें चारशेंहून अधिक सह्यांचा अर्ज सरकारकडे गेला. पोलो कांहीं काळ हलविण्यांत आला, आणि पुन्हां परत आला. याच शापूरजींनीं पुढें पारशी क्रिकेटची बखर लिहिली. विनंत्या, खलित्यांचीं उत्तरें, पुन्हां विनंत्या, अशी कित्येक वर्षें गेलीं. सुखासीन माणसें चेंडूफळीच्या जागेसाठीं इतकी वर्षें भांडत नाहींत. शेवटीं समुद्रकांठीं, आज जेथें मरीन ड्राइव्ह आहे तेथें, पारशी जिमखान्यास जागा मिळाली.

दरम्यान ते विलायतेस जाऊन आले होते. १८८६ सालीं डॉ. धनजीशा पटेल यांच्या नेतृत्वाखालीं पहिला पारशी संघ इंग्लंडांत गेला आणि अठ्ठावीस सामन्यांपैकीं एक जिंकून परतला. कोणी दुसरा असता तर हा नाद सोडून देता. पारशी दोन वर्षांनीं पुन्हां गेले, पेस्तनजी कांगा यांच्या हाताखालीं, आणि एकतीसपैकीं आठ सामने त्यांनीं जिंकले. या दौऱ्यांत डॉ. मेहेलाशा पावरी यांनीं १७० गडी बाद केले. हिंदुस्थानांतून परदेशीं गेलेला पहिला संघ तो हाच. त्या वेळीं देशाचा असा संघ नव्हता. देशाचा म्हणून जो कांहीं होता, तो हा होता.

१८९० च्या जानेवारींत जी. एफ्. व्हर्ननचा इंग्लिश संघ मुंबईस आला. तो त्या दौऱ्यांत एकच सामना हरला, आणि तो पारशांनीं जिंकला. पावरींनीं दुसऱ्या डावांत साहेबांची फळी कापून काढली. प्रेक्षकांनीं मैदान भरून गेलें होतें. दोन वर्षांनंतर लॉर्ड हॉकच्या संघाशीं गांठ पडली तेव्हां एक सामना पारशांनीं जिंकला आणि दुसरा अवघ्या सात धांवांनीं घालवला. १८९२ पासून युरोपियन विरुद्ध पारशी असे दरवर्षीं सामने होऊं लागले, आणि पंधरा वर्षें दोन्ही पक्षांचें पारडें जवळजवळ बरोबरीचें राहिलें. १९०५ सालीं डॉ. होरमसजी कांगा यांनीं पुण्यास युरोपियनांविरुद्ध २३३ धांवा काढल्या. १९११ सालीं पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखालीं सर्व हिंदुस्थानचा संघ विलायतेस गेला त्यांत सहा पारशी होते. ज्या समाजाची संख्या साऱ्या देशांत लाखाच्या आसपास, त्याचे सहा खेळाडू!

याच संख्येंत पुढच्या गोष्टीचें बीज आहे. प्रत्येक समाजानें आपल्यांतूनच अकरा गडी निवडावयाचे, हा त्या सामन्यांचा नियम. जोंवर इतर समाज खेळांत उतरले नव्हते तोंवर पारशांना तो जाचला नाहीं. उलट त्यांतच त्यांचा अभिमान होता. मग १९०७ सालीं हिंदूंसह तिरंगी सामने झाले, १९१२ सालीं मुसलमान येऊन चौरंगी, आणि १९३७ सालीं ‘इतर’ नांवाचा संघ येऊन पंचरंगी. प्रत्येक नव्या रंगाबरोबर पारशांची बाजू लहान होत गेली. ते वाईट खेळूं लागले म्हणून नव्हे. पहिले चौरंगी सामने १९१२ सालीं त्यांनींच जिंकले. १९२२ सालीं जिंकले, १९२८ सालींही जिंकले. सुखासीन होऊन खेळ विसरलेल्यांचीं हीं चिन्हें नव्हेत.

हिंदु संघाची गोष्ट येथें सांगितलीच पाहिजे. पुण्याच्या साहेबी जिमखान्याच्या मैदानावर नोकरीस असलेले पाळवणकर बाळू हे डावऱ्या हाताचे अप्रतिम गोलंदाज. पण अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींत जन्मलेले. त्यांना संघांत घ्यावें कीं नाहीं यावर पुण्याच्या हिंदूंत खल झाला. घेतलें तेव्हां मैदानावर चेंडू सर्वांनीं त्यांच्या हातचा झेलला, पण चहा त्यांना वेगळ्या भांड्यांत, मैदानाबाहेर मिळे. १९०६ सालीं हिंदूंनीं युरोपियनांना हरविलें त्यांत बाळू आणि त्यांचे बंधु शिवराम दोघेही होते. १९११ च्या दौऱ्यांत बाळूंनीं शंभरावर गडी बाद केले. तरी हिंदु संघाचें नायकत्व त्यांना कधीं मिळालें नाहीं. तें मिळालें त्यांचे धाकटे बंधु विठ्ठल यांना, १९२३ सालीं, आणि त्या वर्षीं हिंदु विजयी झाले. हिंदु समाजानें स्वतःच्या आंतलें एक दार, कुरकुरत कां होईना, किलकिलें केलें, आणि त्यांतून त्याला बळ मिळालें. पारशांजवळ उघडावयास असें दारच नव्हतें.

दुसरें असें कीं मुंबईबाहेरचें क्रिकेट आतां मोठें होऊं लागलें होतें. आमच्या नागपूरचे कर्नल सी. के. नायडू १९१६ सालीं हिंदु संघांतून प्रथम खेळले. पुढें होळकरांनीं त्यांना इंदुरास नेलें. १९२६ सालीं मुंबईस त्यांनीं एम्. सी. सी. विरुद्ध अकरा षट्कारांसह १५३ धांवा काढल्या. त्या खेळीच्या आठवणी सांगणारे म्हातारे नागपूर-वर्ध्याकडे कित्येक वर्षें भेटत. पुण्याचे देवधर होते. उत्तरेकडे पंजाब आणि अलीगड मुसलमान संघास खेळाडू पुरवीत होतीं. हिंदु आणि मुसलमान संघांच्या मागें सबंध देश, कॉलेजें आणि संस्थानें उभीं राहिलीं. पारशांच्या मागें मुंबई, गुजराथेंतील चार गांवें, पुणें, कराची, आणि कोठें एकादी गिरणी. कोणी लाख मेहनत केली तरी हें गणित बदलत नव्हतें. १९२८ नंतर चौरंगी किंवा पंचरंगी स्पर्धा पारशांनीं कधींच जिंकली नाहीं. १९३२ सालीं हिंदुस्थान लॉर्ड्सवर पहिली कसोटी खेळला तेव्हां अकरांत पारशी दोनच राहिले होते: पालिया आणि कोला.

पहिलेपणाचा लाभ असा टिकत नसतो. पारशांनीं इंग्रजांकडून खेळ घेतला आणि नकळत तो इतरांस शिकविला. त्यांच्या मागोमाग इस्लाम जिमखाना आणि हिंदु जिमखाना त्याच समुद्रकांठीं उभे राहिले. मैदानासाठीं झालेलें तें जुनें भांडण पारशांचें होतें, त्याचीं फळें सर्वांनीं खाल्लीं. यांत पारशांचें कांहीं चुकलें असें मला वाटत नाहीं. उलट, ज्या दिवशीं त्यांना हरविणारे दुसरे हिंदी संघ निर्माण झाले त्या दिवशींच त्यांचें काम पुरें झालें.

आतां एक चमत्कारिक गोष्ट पाहा. १९४६ नंतर धर्मवार संघ गेले, त्याबरोबर पारशी संघही इतिहासजमा झाला. पारशी क्रिकेट तेथेंच संपलें पाहिजे होतें. घडलें उलटें. रुसी मोदी यांनीं १९४४-४५ च्या रणजी सामन्यांत मुंबईकडून हजारावर धांवा काढून ठेविल्या होत्या. १९४४ च्या पंचरंगींत पारशी संघातून ज्या पॉली उम्रीगरांनीं प्रथम पाऊल टाकलें ते पुढें भारताचे कर्णधार झाले. १९६२ सालीं ते निवृत्त झाले तेव्हां भारतातर्फें सर्वांत अधिक कसोटी सामने, ३६३१ धांवा आणि बारा शतकें त्यांच्या नांवावर होतीं. त्याच वर्षीं वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर नरी कॉन्ट्रॅक्टर कर्णधार, शिवाय उम्रीगर, रुसी सुरती आणि फरोख इंजिनियर, असे चार पारशी भारतीय संघांत होते. संघ म्हणून जिथें त्यांना अकरा गडी पुरवितांना दमछाक होत होती, तिथें देशाच्या अकरांत चार जागा त्यांनीं सहज मिळविल्या. सेवाग्रामच्या सल्ल्यानें पारशांचें नुकसान झालें असें म्हणणाऱ्यांनीं ही १९६२ ची यादी एकदां वाचावी.

त्यानंतरची ओहोटी मात्र निराळी आणि अधिक खिन्न करणारी आहे. इंजिनियर १९७५ च्या जानेवारींत वानखेडे मैदानावर शेवटची कसोटी खेळले. त्यांच्यानंतर भारताच्या पुरुष कसोटी संघांत पारशी खेळाडू आलेला नाहीं. महिलांच्या संघांत डायना एदलजी यांनीं पुढें बरींच वर्षें गाजविलीं. पण १९४१ च्या शिरगणतींत जो समाज एक लाख चौदा हजारांच्या घरांत होता, तो २०११ च्या शिरगणतींत ५७,२६४ वर आला. उशिरा होणारे विवाह, थोडीं मुलें, परदेशगमन. हा प्रश्न मैदानावरचा नव्हे.

जिमखाना मात्र आहे. मरीन ड्राइव्हवर, त्याच जागीं. पावसाळ्यांत मुंबईस कांगा लीगचे सामने होतात. २३३ धांवा काढणाऱ्या डॉक्टर कांगांच्या नांवानें ते चालतात. चिखलांत, ओल्या गवतावर, चेंडू थांबत-घसरत जात असतो. त्यांत पारशी जिमखान्याचा संघ उतरतो, आणि त्यांतले बहुतेक खेळाडू पारशी नसतात. भारताचे सूर्यकुमार यादव हे त्याच जिमखान्याकडून खेळलेले आहेत.