आरपी झालं का?

अल मन्सूरात नव्याने राहायला आलेल्या माणसाला आधी गाव विचारतात, मग कंपनी, आणि लगेच तिसरा प्रश्न येतो: आरपी झालं का? आरपी म्हणजे रेसिडेन्स परमिट, कतारमध्ये राहण्याचा परवाना. तो झाला की क्यूआयडीचं प्लास्टिकचं कार्ड मिळतं. इथली मुलं त्याला बताका म्हणतात. पुढे फोटो, राष्ट्रीयत्व, जन्मतारीख, मुदत संपण्याची तारीख, व्यवसाय. मागे मालकाचं नाव. माणसाचं इथलं सगळं आयुष्य कशावर उभं आहे ते या मागच्या ओळीवरून कळतं.

दोहाच्या बी रिंग आणि सी रिंग या रस्त्यांच्या मधला, नज्म्याला लागून असलेला हा जुना भाग. डिसेंबर 2019 मध्ये मेट्रोची ग्रीन लाइन सुरू झाली तिचं शेवटचं स्टेशन इथलंच. चार-पाच मजली इमारती, खाली केरळी लोकांच्या कॅफेटेरिया, शिंपी, मनी एक्स्चेंज, मोबाईल दुरुस्ती आणि टायपिंग सेंटर. प्रत्येक इमारतीवर झोन, रस्ता आणि इमारत क्रमांक लिहिलेली निळी पाटी. याच भागातल्या एका कंत्राटदार कंपनीत मी कामगारांच्या फायली सांभाळते. एसी, वायरिंग, प्लंबिंगची कामं घेणारी मध्यम आकाराची कंपनी आहे. कामगारांत नेपाळी, बिहारी, तेलुगू आणि बरेच आपल्याकडचे: सांगलीचे फिटर, नांदेडचे वेल्डर, कोकणातले फोरमन.

परवान्याचं काम मात्र माझ्या टेबलावर होत नाही. ते करतात आमचे मंदूब, म्हणजे कंपनीच्या वतीने सरकारदरबारी जाणारा माणूस. ते म्हसळ्याचे, आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणतो. श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड, दापोली या पट्ट्यातल्या मुसलमान घरांतून पिढ्यान् पिढ्या माणसं आखातात येत आली आहेत. चाचांचे वडील कुवेतला होते. चाचांची अरबी इतकी सफाईदार आहे की खिडकीमागचा अधिकारी मान वर करून त्यांच्याकडे बघतो. आमच्याशी मात्र ते कोकणी वळणाच्या मराठीत बोलतात. वयाने माझ्या वडिलांएवढे असूनही मला ‘ताई’ म्हणतात, आणि फाईल अपुरी असेल तर त्याच मऊ आवाजात परत करतात. “ताई, पासपोर्टावर आणि डिग्रीवर बापाचं नाव दोन प्रकारे लिहिलंय. आज नको, उद्या नेऊ. आधी अॅफिडेव्हिट मागवा.”

मंजुरीची सुरुवात कामगारापासून होत नाही. आधी कंपनीची कागदं जिवंत असावी लागतात: व्यापारी नोंदणी, परवाना आणि ज्याला इथे सगळे कंप्युटर कार्ड म्हणतात ते आस्थापनेचं ओळखपत्र. यातलं एक जरी मुदतबाह्य झालं तरी त्या कंपनीतल्या कुणाचंच काम पुढे सरकत नाही. मग श्रम मंत्रालयाकडे मागणी जाते. किती माणसं, कोणत्या देशाची, कोणत्या कामासाठी. मंजुरीही तशीच तुकड्यातुकड्यांनी येते. आम्ही पाइप फिटर मागावेत आणि मंजूर व्हावेत मदतनीस, किंवा भारतीय मागावेत आणि जागा दुसऱ्या देशाच्या निघाव्यात, असं झालेलं आहे. मिरजेजवळच्या एखाद्या गावात नोकरी सोडून बसलेल्या मुलाला यातलं काही ठाऊक नसतं. त्याला एजंट एवढंच सांगतो, “व्हिसा प्रोसेसमध्ये आहे.”

व्हिसा निघाला की मुंबईचं कतार व्हिसा सेंटर. पहिलं असं सेंटर 2018 मध्ये कोलंबोत सुरू झालं, भारतातली पुढच्या वर्षी. बोटांचे ठसे, फोटो, रक्ततपासणी, छातीचा एक्स-रे आणि नोकरीच्या करारावर सही, सगळं एका छपराखाली. सरकारी सुधारणांच्या यादीत ही बाब बारीक अक्षरात असेल, पण फायलींच्या बाजूने पाहताना मला ती फार मोठी वाटते. याआधी माणूस भारतात एकदा तपासणी करून यायचा आणि दोहात उतरल्यावर अबू हमूरजवळच्या मेडिकल कमिशनमध्ये पुन्हा उभा राहायचा. लहानपणी होऊन गेलेल्या क्षयाचा एखादा व्रण फुप्फुसावर दिसला की अनफिट. तोवर एजंटला पैसे देऊन झालेले, बायकोचे दागिने सोसायटीत गहाण, गावात सत्यनारायण घालून निरोप झालेला, आणि माणूस परतीच्या विमानात. आता तोच निकाल मुंबईत, घराजवळ लागतो. दुःख तेवढंच, पण कर्जाचा बोजा कमी. करारही इथे येण्याआधी वाचायला मिळतो. विमानतळावर भलताच कागद पुढे करून सही घेण्याचा धंदा त्यामुळे बराच आटला.

माणूस दोहात उतरतो तेव्हा त्याच्याकडे व्हिसा असतो, कार्ड नसतं. मधले दिवस कसे जातात ते या गल्ल्यांत राहिलं की कळतं. कार्ड नाही म्हणून बँकेत खातं नाही. पगार बँकेतूनच देण्याची सक्ती 2015 पासून आहे, त्यामुळे खात्यावाचून पगारही नियमित होत नाही. हमदच्या सरकारी दवाखान्याचं हेल्थ कार्ड नाही, ड्रायव्हिंग लायसन्स नाही, भाडेकरार स्वतःच्या नावावर नाही. खोलीतल्या जुन्या मुलाच्या ओळखीवर किराणा येतो. संध्याकाळी तो खालच्या कॅफेटेरियात करक चहाचा कागदी कप घेऊन बसतो आणि घरी व्हिडिओ कॉल करतो. आई विचारते, “झालं का रे?” तो म्हणतो, “होईल, मंदूबकडे दिलंय.” या मुलांच्या आयांना मंदूब म्हणजे कोण ते ठाऊक नाही, पण तो शब्द आता त्यांच्याही तोंडी बसला आहे.

रविवार हा इथे आठवड्याचा पहिला दिवस. चाचा सकाळी सातच्या आत निघतात, कारण कचेऱ्या दुपारी लवकर मिटतात आणि रमजानमध्ये वेळ आणखी आखडते. पूर्वी ते आधी टायपिंग सेंटरमध्ये थांबत. अर्ज अरबीतच लागायचे. फक्त त्यावरच पोट भरणारी किती दुकानं या एका रस्त्यावर होती! टायपिस्टने नावाच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर इकडचं तिकडे केलं की ती चूक कार्डावर, बँकेत, मुलाच्या शाळेत वर्षानुवर्षं मागे लागायची. म्हणून चाचा स्वतः शेजारी उभे राहून प्रत्येक नाव वाचून घेत. मराठी नावांनी त्यांना फार छळलं. अरबी लिपीत ‘प’ नाही, ‘च’ नाही. पांचाळ, पाचपुते, चोपडे अशा आडनावांसाठी त्यांनी एक वही केली आहे: एकदा जे अरबी लेखन ठरलं ते कायम. ती वही मी पाहिली आहे. अशी काळजी कुठल्या नियमात लिहिलेली नसते.

आता बहुतेक काम मेट्राश या गृहमंत्रालयाच्या अॅपवर चालतं. नूतनीकरण तर फोनवरून होतं. पासपोर्टावर चिकटवायचं आरपीचं स्टिकर 2015 मध्येच बंद झालं. पण अॅप आलं तरी अर्जदार बदलला नाही, आणि मला सांगायचं आहे ते इथेच आहे. परवाना माणसाचा, त्यासाठी वाट बघणारा माणूस, पण अर्ज कंपनीचा. खिडकीवर तो स्वतः गेला तर त्याला सांगतात, मंदूबला पाठवा. त्याच्या फाईलवर काय शेरा पडला हे आधी कंपनीला कळतं, मग कंपनीच्या मर्जीने त्याला. मी या टेबलावर बसल्यापासून एक शिस्त पाळते: अर्ज गेला त्याच दिवशी त्याचा क्रमांक त्या माणसाला व्हॉट्सअॅपवर पाठवायचा, आणि अडला तर कशामुळे अडला तेही सांगायचं. हे प्रत्येक कंपनीला कायद्याने बंधनकारक असायला हवं असं माझं ठाम मत आहे. माणूस उशीर सोसतो. कुणी काहीच सांगत नाही तेव्हा तो खचतो, आणि नेमका तेव्हाच कुणातरी दलालाच्या हाती लागतो.

कायदे बदलले हे खरं, आणि ते मोलाचे बदल आहेत. मालकाच्या परवानगीशिवाय देश सोडता येत नसे. ती एक्झिट परमिटची अट 28 ऑक्टोबर 2018 पासून बहुसंख्य कामगारांसाठी गेली. नोकरी बदलायला जुन्या मालकाचं ना-हरकत पत्र लागे. तेही सप्टेंबर 2020 मध्ये गेलं. मार्च 2021 पासून किमान मूळ वेतन 1000 रियाल, आणि राहणं-जेवण कंपनीचं नसेल तर वर 500 आणि 300. परवान्याचं काम झालं की पासपोर्ट कामगाराला परत द्यायचा, हे 2015 च्या कायद्यात स्पष्ट आहे. तरी मुदतीचं कुलूप मालकाच्याच हाती राहिलं. कार्डाची मुदत संपल्यावर नूतनीकरणाला 90 दिवस मिळतात. कंपनी डबघाईला आली तर ते 90 दिवस बघता बघता संपतात आणि काही चूक नसलेला माणूस बेकायदा ठरतो. अशी माणसं शेवटी भारतीय दूतावासाकडे, किंवा दूतावासाच्या छत्राखाली चालणाऱ्या आयसीबीएफ या भारतीयांच्या मदत संस्थेकडे पोचतात.

वाट बघण्याचा सर्वांत कठीण काळ मी 2020 मध्ये पाहिला. सुट्टीवर गावी गेलेली माणसं टाळेबंदीत तिकडेच अडकली. एरवी सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलं तर आरपी रद्द होतं. तेव्हा विमानंच नव्हती. 1 ऑगस्ट 2020 पासून परतणाऱ्यांसाठी विशेष प्रवेश परवाना सुरू झाला, आणि तोही कंपनीने मागायचा. आटपाडीतून, उमरग्यातून, खेडमधून रोज फोन: “मॅडम, आलं का?” एका प्लंबरने घरच्या डाळिंबाच्या बागेत काम धरलं होतं, पण फोन खिशातून बाहेर ठेवत नव्हता. नकार आला तर कारण कळत नसे. आम्ही पुन्हा अर्ज करायचो. काहींना मंजुरी आली तोवर त्यांची जागाच उरली नव्हती, आणि ते सांगणारा फोन मलाच करावा लागला.

कुटुंब आणायचं तर आणखी एक पायरी. इथे पगाराइतकाच कार्डावरचा व्यवसाय महत्त्वाचा. ‘कामगार’ वर्गातल्या व्यवसायावर बायकामुलं आणता येत नाहीत. त्यामुळे मिळेल त्या व्हिसावर ‘मेसन’ म्हणून आलेला आणि नंतर हिशेबनीस झालेला माणूस आधी व्यवसाय बदलून घेतो. त्यासाठी डिग्री लागते, डिग्रीवर आधी महाराष्ट्र शासनाचा, मग परराष्ट्र मंत्रालयाचा, मग कतारच्या वकिलातीचा शिक्का लागतो. लग्नाच्या दाखल्याचीही तीच वारी. गावच्या ग्रामपंचायतीत लग्नाची नोंदच केलेली नाही, हे पुष्कळांना दोहात बसल्यावर उमगतं. मग साताऱ्यातला मेव्हणा रजा काढून मंत्रालयाच्या खेपा घालतो. एका परवान्यासाठी दोन देशांतली किती माणसं राबतात ते कार्डावर कुठेच दिसत नाही.

आणि कायमचं राहणं? त्यासाठीही कायदा आहे. 2018 चा कायदा क्रमांक 10. कतारबाहेर जन्मलेल्याने 20 वर्षं वैध वास्तव्य केलेलं हवं, इथे जन्मलेल्याने 10. पुरेसं उत्पन्न, चांगली वर्तणूक आणि अरबी भाषेचं ज्ञान. वर्षाला साधारण 100 कार्डं. भारतीयच इथे सात लाखांहून अधिक आहेत, तेव्हा अल मन्सूरातलं कुणी त्या कार्डाच्या आशेवर बसत नाही. इथे जन्मलेली, इथल्या भारतीय शाळेत शिकलेली मुलंही बापाच्या आरपीवर असतात, आणि बापाची नोकरी संपली की घर, शाळा, मित्र मागे टाकून निघतात. मला हे अन्यायाचं वाटतं. ज्यांच्या कामावर शहर उभं राहिलं त्यांच्या मुलांना त्या शहरावर थोडा तरी हक्क असावा.

म्हणून अनेक घरं इथे राहून दुसऱ्याच देशाच्या मंजुरीची वाट बघतात. आमच्या वरच्या मजल्यावर एक परिचारिका राहते, कोल्हापूरकडची. तिला ऑस्ट्रेलियातल्या एका रुग्णालयाने कायम वास्तव्याच्या व्हिसासाठी, 186 क्रमांकाच्या, पुरस्कृत केलं आहे. तिथेही दोन मंजुऱ्या: आधी मालकाच्या नामांकनाची, मग तिच्या व्हिसाची. नामांकन फेटाळलं गेलं तर तिचा व्हिसा मंजूर होऊ शकत नाही. अर्ज करताना वय 45 च्या आत लागतं. इथे इतकी वर्षं काढली म्हणून कतार पोलिसांचा चारित्र्याचा दाखलाही जोडावा लागतो. एक फरक मात्र आहे. तिथे तिचा अर्ज तिच्या नावाचा आहे, तिच्या खात्यात दिसतो, आणि मंजुरी आली की तिला पुन्हा दर वर्षी कुणाकडे मागायला जायचं नाही. ती रात्रपाळीहून आल्यावर आधी ते खातं उघडते, मग चहा ठेवते.

चाचांना मी एकदा सरळ विचारलं. “चाचा, वीस वर्षं कधीच झाली. अरबी तुमच्याइतकं कुणाला येतं? तुम्ही का नाही अर्ज केलात?”

ते फायलींना रबर लावत होते. “उत्पन्न बघतात, ताई. माझा पगार तुम्हीच टाईप करता.” मग वरची फाईल माझ्याकडे सरकवली. “माझं आरपी मार्चला संपतंय, तेव्हा बघू. हा नांदेडचा पोरगा आलाय ना, त्याचं कार्ड या आठवड्यात झालं पाहिजे. पगाराची तारीख जवळ आली, खातं उघडायचंय त्याचं.”